मुलाचा हिशेब लागला, मुलीचा राहिला

पत्र (जागेअभावी थोडं कापून):

नमस्कार मॅडम,

आम्ही नागपुरात मानेवाडा रोडला राहतो. मी उमरेडच्या बाजूला एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. सकाळी साडेआठला निघते, परतायला सहा वाजतात. मिस्टरांचं इतवारीत दुकान आहे, ते रात्री साडेदहाला येतात. रविवार तेवढा घरी. सोबत सासूबाई आहेत. मुलगा १६ वर्षांचा, अकरावी सायन्स. सकाळी कॉलेज, दुपारी दोन ते सात क्लास. मुलगी १४ वर्षांची, नववीत.

प्रश्न मुलाचा आहे. पाचला उठून मी त्याचा डबा करते, तीन पोळ्या आणि भाजी, आणि तो रात्री जसाच्या तसा परत येतो. त्याच्या मोबाइलवर पैशांचा हिशेब पाहिला तर डोकंच फिरलं. आलूबोंडा, मोमो, चायनीज, कोल्ड्रिंक. महिन्याला अठराशे रुपये! घरी आम्ही बाहेरचं आणतो ते रविवारी सकाळी तर्री-पोहा, नाहीतर कुणाचा निकाल, वाढदिवस असला तरच. मग ही सवय आली कुठून? सासूबाई म्हणतात, "माय घरी नसली की लेकरं अशीच ठेल्यावर पोट भरतात." त्या त्याला रात्री आठवणीनं दुधाचा ग्लास देतात, तोही अर्धा टाकतो. मिस्टर म्हणतात, "मीबी हेच खाऊन मोठा झालो, काय बिघडलं माझं?" माझी जाऊ घरीच असते, तिच्या मुलांचे डबे चाटूनपुसून येतात. माझ्या नोकरीमुळे हे झालं का? त्याचे पैसे बंद करू का?

मुलीचा काही त्रास नाही. सकाळी माझ्याबरोबर चहा-टोस्ट घेऊन जाते, रात्री माझ्यासाठी जेवायची थांबते. ती माझ्यासारखीच आहे, तिला भूकच कमी.

— एक आई

ताई,

तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देते. नोकरीमुळे मुलाच्या सवयी बिघडल्या का? नाही. पैसे बंद करावेत का? तेही नाही. तिसरा प्रश्न तुम्ही विचारलाच नाही आणि मला काळजी वाटते ती त्याचीच. पत्राच्या शेवटी, सही करण्याआधी, तुम्ही मुलीबद्दल तीन वाक्यं लिहिली आहेत. तिच्याकडे येतेच. पण विचारलंय पोराबद्दल, तर आधी त्याचं बघू.

त्याला भूक लागते, हे पहिल्यांदा मान्य करा. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या आकड्यांप्रमाणे १६ ते १८ वयाच्या मुलाला दिवसाला साधारण ३३२० किलोकॅलरी लागतात. दुकानात गादीवर बसून काम करणाऱ्या प्रौढ पुरुषाला लागतात २११० च्या आसपास. म्हणजे तुमच्या घरात सगळ्यात जास्त अन्न लागतं ते या पोराला, आणि नेमका तोच सकाळपासून रात्रीपर्यंत घराबाहेर. त्यात या वयात झोपेचं घड्याळ पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा पाझरायला लागतं, म्हणून पोट्टे बारापर्यंत जागतात आणि सकाळी सहाला त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही. उपाशी गेलेलं पोरगं अकरा वाजता समोर दिसेल ते खाणारच. तुमच्या तिन्ही पोळ्या त्यानं दुपारी संपवल्या असत्या, तरी चार-साडेचारला तो पुन्हा ठेल्यासमोर उभा असता. तीन पोळ्यांचा डबा हा त्याच्या दिवसाच्या मानानं तसाही तोकडाच आहे.

पण मग निदान त्या तीन तरी का खात नाही? हे त्याला विचारा. मोबाइल हातात धरून नका विचारू, आणि शक्यतो आजींसमोरही नको. माझा अंदाज सांगते. क्लासची सुट्टी वीसेक मिनिटांची, बसायला जागा नाही. नागपूरच्या क्लासांमध्ये बरीच पोरं गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, यवतमाळकडून आलेली असतात, खोली करून नाहीतर हॉस्टेलला राहतात. त्यांच्याकडे घरचा डबा नसतोच, सुट्टी झाली की सगळा घोळका खाली ठेल्यावर. आता अशात स्टीलचा डबा उघडून, वांग्याच्या भाजीचं तेल हाताला लावत, एकट्यानं कोण बसणार? तुमच्या शाळेत खिचडीचं ताट घेऊन पोरं ओळीनं बसतात, सगळ्यांच्या ताटात एकच, म्हणून कुणाला लाज नाही. इथे डबा खायचा म्हणजे दोस्तांपासून वेगळं व्हायचं. सोळाव्या वर्षी माणूस एक वेळ उपाशी राहील, पण वेगळा नाही पडणार.

म्हणून डब्याचं रूप बदला. पोळीत अंड्याची भुर्जी गुंडाळून द्या (तुमच्याकडे अंडी चालतात असं धरून चालते, चालत नसतील तर पनीर, नाहीतर मसाल्यात परतलेले उकडलेले चणे). मुगाचं जाड धिरडं, आत चटणी. सांबार (कोथिंबीर) स्वस्त झाला की सांबारवड्या, तळलेल्या असल्या तरी चालतील, त्या तर दोस्तही हिसकावून घेतील आणि डब्याची अब्रू वाढेल. एका हातानं, उभ्यानं, वास न येता खाता आलं पाहिजे, एवढी एकच अट. आणि चार वाजताच्या भुकेसाठी बॅगच्या बाहेरच्या कप्प्यात फुटाणे, फल्लीदाणे आणि गुळाचा खडा. या डबीचं काम आजींकडे द्या. का, ते पुढे सांगते.

आता ही सवय आली कुठून, या तुमच्या प्रश्नाकडे. तुम्हाला वाटतं ती रस्त्यावरून आली. मला वाटतं बरीचशी घरातूनच गेली. तुम्हीच लिहिलंय: बाहेरचं आणतो ते रविवारी, निकालाला, वाढदिवसाला. बघा हं. सोमवार ते शनिवार घरचं अन्न म्हणजे आईची पाचची उठाठेव, "संपव", "टाकू नको", "किती कष्टानं केलंय". आणि ठेल्यावरचं अन्न म्हणजे बाबा घरी, बाबा खुशीत, चड्डी-बनियनवर सगळे एकत्र, कागदातून गळणारी तर्री. त्यानं सोळा वर्षं हेच पाहिलं की घरचं खाणं हे कर्तव्य आणि बाहेरचं खाणं हा आनंद. आता त्याच्या हातात पैसे आले, तर तो आनंदच विकत घेणार ना? कर्तव्य कोण विकत घेतं?

आणि बाबा दुपारी इतवारीत काय खातात? तुम्ही लिहिलं नाही, पण गर्दीच्या दिवशी दुकानदार माणूस गल्ल्यावर बसून काय खातो हे नागपुरात कुणाला सांगायला नको. मुलगा त्यांच्याविरुद्ध वागत नाहीये, तो त्यांचाच कित्ता गिरवतोय. "मीबी हेच खाऊन मोठा झालो" हे खरंच असेल. फक्त त्यांच्या तरुणपणी आलूबोंड्यासोबत रोजचं कोल्ड्रिंक नसेल, घरी यायला सायकल असेल, आणि दुकानात माल उतरवायला हमाल नसला की ते स्वतः पोती उचलत असतील. पोराला क्लासच्या बाकावर पाच तास बसायचंय.

याच्यावर तुम्ही रविवारचा तर्री-पोहा बंद कराल, म्हणून लगेच सांगते: करू नका. तुमच्या घरातली आठवड्यातली ती सगळ्यात चांगली न्याहारी असेल. चण्याची तर्री आहे ती. चण्यात प्रथिनं आहेत, लोह आहे, वर पिळलेल्या लिंबामुळे ते लोह अंगी लागतं. घोटाळा होतो तो त्याच्या मागोमाग येणाऱ्या चहानं. चहातले घटक लोह नीट शोषू देत नाहीत. तेव्हा ठेल्यावर सांगायचं, चणा जास्त, वरचा तवंग कमी, लिंबू मागून घ्यायचं आणि चहा तासाभरानं. हे मिस्टरांनी पोरासमोर सांगितलं तर पोरगं आयुष्यभर तसंच सांगेल. तुम्ही सांगितलं तर भाषण होईल. अन्याय आहे, पण आहे खरा.

पैशाचं. बंद केले की तो दोस्तांकडून उधार घेईल आणि तुम्हाला दिसणारा हिशेबही बंद होईल. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी लहान मुलांसोबत केलेले काही प्रयोग १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एक खाऊ काही काळ पारदर्शक बरणीत ठेवला होता, दिसतो पण हात लावायचा नाही. मग बरणी उघडली तेव्हा मुलं त्याच खाऊवर जास्त तुटून पडली. ती मुलं बालवाडीच्या वयाची होती. तुमच्या मुलाच्या बाबतीत तर बरणीचं झाकण त्याच्याच खिशात आहे. त्यापेक्षा आठवड्याचे पैसे एकदम द्या, शनिवारी जे उरतील ते त्याचे. लागेल तेव्हा पाठवत राहिलात की पैसा पाण्यासारखा जातो. आठवड्याची रक्कम ठरली की पोरगं आपोआप हिशेबी होतं, आणि नागपूरच्या दुकानदाराच्या घरात तर ते रक्तातच असायला हवं.

त्या यादीतली एकच गोष्ट खरोखर कमी करायला सांगा, कोल्ड्रिंक. पाव लिटरच्या बाटलीत साखर सुमारे पंचवीस-सव्वीस ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरची साखर शक्यतो तेवढ्यातच भागवा म्हणते. बाटली संपली की भूक भागलेली नसतेच. आलूबोंड्याचं मी एवढं मनावर घेणार नाही. चायनीज, मोमो आठवड्यातून एक-दोनदा असेल तर जाऊ द्या.

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचे पदार्थ विकू नयेत असा केंद्राचा नियम २०२० मध्ये आला. पण तो शाळेसाठी. मुलाचा दिवस जातो क्लासच्या खाली, आणि तिथे जे मिळतं त्यात माझी नजर आधी बाजूच्या पानटपरीवर जाते. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) पन्नीत घोटून सर्रास मिळतो. घरात कुणाला सवय असेल तर आलूबोंड्याच्या आधी तो विषय काढा. नसेल तर हा परिच्छेद सोडून द्या.

एक गोष्ट मात्र त्याला जरूर दाखवा. त्याच ठेल्यावर त्याच वीस रुपयांचा आलूबोंडा खाणारं दुसरं एखादं पोरगं असतं, ज्याचा बाप मजुरीवर जातो आणि खोलीचं भाडं भरून महिन्याच्या शेवटी हातात फारसं काही उरत नाही. त्याच्यासाठी तो आलूबोंडा मजा नसते, ते त्याचं दुपारचं जेवण असतं, कारण तेवढ्या पैशांत पोट भरल्यासारखं दुसरं काही वाटत नाही. केळी, दूध, अंडं हे त्यालाही कळतं, पण हिशेबात बसत नाही. तुमच्या मुलाच्या पाठीशी घरचा भरलेला डबा आहे आणि तरी तो आलूबोंडा घेतो. दोघांची सवय वरून सारखी दिसते, मागचं घर वेगळं आहे. डबा दोघांना पुरेल एवढा द्या, कदाचित तो न सांगता संपेल.

आता तुमची नोकरी. सासूबाईंचं वाक्य तुम्हाला लागलंय हे पत्रात दिसतं, म्हणून थोडं सविस्तर सांगते. मिनेसोटा विद्यापीठानं १९९८-९९ मध्ये मिनियापोलिस-सेंट पॉलमधल्या ३१ शाळांतल्या ४७४६ मुलामुलींना त्यांच्या खाण्याबद्दल विचारलं आणि पुढे बरीच वर्षं त्यांचा माग ठेवला. आपलं घर आणि त्यांचं घर एक नाही, हे मान्य. तरी दोन गोष्टी आपल्याही कामाच्या आहेत. ज्या घरांत मुलं मोठ्यांसोबत जास्त वेळा जेवत, तिथली मुलं फळं-भाज्या जास्त खात आणि कोल्ड्रिंक कमी पीत. आणि फळं-भाज्या न आवडणारी मुलंसुद्धा, त्या घरात आयत्या हाताशी असल्या तर जास्त खात. आईची नोकरी असली की एकत्र जेवणं थोडी कमी होतात, हेही त्यात दिसलं होतं, लपवत नाही. पण मुलांच्या ताटाशी नातं दिसलं ते एकत्र जेवणाचं आणि घरात काय ठेवलंय त्याचं. त्या दोन्ही गोष्टी तुमच्या हातात आहेत, नोकरी न सोडता.

हाताशी म्हणजे खरंच हाताशी. संत्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पिशवीत गाठ मारून ठेवली की ती फक्त तुम्हाला दिसतात, आणि तुम्हीच ती शेवटी सुकल्यावर खाता. आंबिया बहाराची संत्री निघाली की डझनभर टोपलीत घालून मोबाइल चार्जिंगला लावतात तिथे ठेवा. पोरगं रात्री साडेसातला घरी येतं तेव्हा आधी चार्जर शोधतं.

आणि जाऊबाईंची मुलं कितवीत आहेत? तिसरीत, पाचवीत असतील तर त्यांचे डबे चाटूनपुसून येणारच, त्यांच्या हातात अजून पैसे कुठे आहेत! दहा वर्षं थांबा.

आता मुलीबद्दल.

तुम्ही लिहिलंत, ती माझ्यासारखीच आहे, तिला भूकच कमी. ताई, तुम्हाला खरंच भूक कमी आहे का? पाचला उठता, चहा-टोस्टवर निघता, दिवसभर शाळा, सहाला परत, मग स्वयंपाक, आणि जेवता साडेदहाला मिस्टर आल्यावर, तेही आधी त्यांना वाढून. मध्ये भूक लागत नसेल असं होऊ शकत नाही. तुम्ही ती मारायला शिकलात, बहुतेक तुमच्या आईकडून. तुमची मुलगी तेच तुमच्याकडून शिकते आहे. मुलगा बाबांसारखं खातो, ते मोबाइलच्या हिशेबात दिसलं आणि तुमचं डोकं फिरलं. मुलगी तुमच्यासारखं खाते, म्हणजे खात नाही, आणि त्याचा कुठे हिशेबच नाही. तिचं थांबणं तुम्हाला गुणाचं वाटतं, त्यामुळे ते कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

रात्रीचा दुधाचा ग्लास फक्त मुलाला मिळतो, हे तुम्ही सहज लिहून गेलात. तोही अर्धा टाकतो. उरलेल्या अर्ध्याचं काय होतं?

आता आकडे बघा. १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला साधारण २४०० किलोकॅलरी लागतात. लोह तर तिला त्याच वयाच्या मुलापेक्षा जास्त लागतं: मुलाला २२ मिलिग्रॅम, मुलीला ३०, कारण उंचीही वाढते आहे आणि पाळीही सुरू झालेली असते. आणि तिचा दिवस सुरू होतो चहा-टोस्टनं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या. त्याच वयाच्या मुलांत हे प्रमाण ३१ टक्के होतं. एकाच घरात, एकाच चुलीवर वाढलेली भावंडं असतात ही. तुमची मुलगी वर्षभरात त्या वयोगटात जाईल.

तुम्ही शाळेत काय वाटता? पाचवीपर्यंत गुलाबी गोळी, सहावीपासून निळी. दुसऱ्यांच्या लेकींना तुम्ही स्वतः समोर उभं राहून लोहाची गोळी गिळायला लावत असाल. ती निळी गोळी १९ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींसाठी आहे, आठवड्यातून एक, सरकारी आणि अनुदानित शाळांत मिळते. तुमची मुलगी खासगी शाळेत असेल तर तिला ती मिळतेय का, हे विचारलंत का कधी?

या आठवड्यात तिची हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या. कुठल्याही लॅबमध्ये होते, मेडिकल किंवा मेयो या आपल्या सरकारी रुग्णालयांच्या ओपीडीतही होते. तिच्या वयाला १२ च्या खाली आलं तर रक्तक्षय समजतात, मग डॉक्टरांना दाखवा. गोळी किती, किती दिवस हे त्यांनी ठरवायचं. गोळी जेवणानंतर, आणि चहा तिच्या आसपास नको. पाळीत किती दिवस जातात, किती जातं, जिना चढताना धाप लागते का, बर्फ नाहीतर कच्चे तांदूळ चावत बसते का, हेही विचारा. पोरी हे आपण होऊन सांगत नाहीत.

आणखी एक शक्यता आहे, ती आधी बाजूला काढायला हवी. ती तुमच्यासाठी थांबते हे खरं असेल. पण "आईसोबत जेवते" हे न जेवण्याचं चांगलं कारणही असू शकतं. जाड दिसते म्हणून घास कमी करते का? आरशासमोर जास्त वेळ, सारखं वजन बघणं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाणं, तीन महिने पाळी न येणं, यातलं काही असेल तर वाट बघू नका, डॉक्टरांकडे न्या. बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीतही बोलतात. घरात कुणी तिच्या अंगावर बोलत असेल, आजी, काका, तिचा भाऊसुद्धा, "म्हैस झाली", "नवरा मिळेल का" छापाचं, तर ते आजपासून बंद. गमतीतही नाही. या एका बाबतीत मी बंदीच्या बाजूची आहे.

यातलं काही नसेल, आणि बहुतेक नसावंच, तर उपाय साधा आहे आणि तुम्हालाच तो सगळ्यात जड जाणार आहे. तुम्ही आठला जेवायचं. मुलगा साडेसातला येतो, मुलगी घरी असतेच, आजी असतात. चौघांची ताटं एकदम. वाढून घ्यायचं आणि बसायचं, मध्ये गरम पोळीसाठी उठायचं नाही. पोळ्या आधी करून डब्यात. तुम्ही जेवलात की मुलीला थांबायचं कारण उरत नाही. "तू जेवून घे, मी थांबते" हे तुम्ही तिला आधी शंभरदा म्हटलं असेल, आणि तिनं ऐकलं नसेल, कारण ती तुमच्या बोलण्यापेक्षा तुमच्या ताटाकडे बघते.

त्याच ताटावर मुलाचंही काम होतं. सबंध आठवड्यात घरी बसून होणारं त्याचं हे एकच जेवण आहे, तिथे क्लासच्या मार्कांचा विषय काढू नका आणि डब्याचाही नको. रविवारी सकाळी घरी काहीतरी खुशीचं होऊ द्या, बाबांच्या हातचं. पोहे भिजवणं आणि चण्याला फोडणी घालणं दुकानदाराला अवघड नाही. किंवा पावसाळा संपला की एखाद्या रविवारी रोडगे आणि वांग्याची भाजी, गोवऱ्या पेटवायचं काम दोन्ही पोरांकडे. घरच्या अन्नातही गोंधळ, हसणं, हात काळे होणं असू द्या. ते तिथे नसतं म्हणून पोरगं विकत घेतं.

राहिल्या सासूबाई. त्यांना उत्तर देऊ नका, काम द्या. "माय घरी नसली की" म्हणणाऱ्या बाईच्या हातात जवसाची चटणी आहे, फुणके आहेत, वडाभात आहे, आणि दिवसभर कुणी ते मागत नाही. त्यांच्या तरुणपणी घरात दूध एक शेर असेल तर ते कामाला जाणाऱ्या पुरुषाला जायचं. तो नियम टंचाईतून आलेला आहे, दुष्टपणातून नाही. त्यांना सरळ सांगा, "आई, पोरीचं रक्त तपासायला टाकलंय, तिला दुपारी शाळेतून आल्यावर तुमच्या समोर बसवून काहीतरी खाऊ घाला, माझं ती ऐकत नाही." नातीचं रक्त कमी असू शकतं हे ऐकल्यावर कुठलीही आजी दुधाचा दुसरा ग्लास भरते. पोराची चार वाजताची डबी त्यांच्याकडे दिली तीही याचसाठी. तो डबी विसरला तर फोन त्यांचा येईल, तुमचा नाही, आणि आजीला "हो" म्हणायला पोरांना फारसं जड जात नाही.

मिस्टरांना आठ वाजताच्या जेवणाचं आजच सांगून टाका, म्हणजे उद्या तोंड वाकडं व्हायला नको. साडेदहाला ते येतील तेव्हा त्यांचं ताट झाकून ठेवलेलं असेल, वरण गरम करून घ्यायचं. लायटर गॅसच्या डाव्या बाजूला असतो की उजव्या, तेवढं त्यांना दाखवून ठेवा.